लढाईवर गेलेल्यांच्या घरची यादी

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं परमुलखात गेली. ७४ हजारांवर परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात फौज २५ लाखांवर गेली. या आकड्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, नगर इथली हजारो घरं होती. लढायांचा इतिहास लिहिला गेला, पलटणींचाही लिहिला गेला. घरांचा राहिला, कारण घरांकडे दप्तर नव्हतं. वस्तू होत्या, रिवाज होते. त्यांतलं जे गेलं आणि जे जाण्याच्या बेतात आहे, त्याची ही यादी.

कोकणची बोट

रत्नागिरी जिल्ह्यातला शिपाई घर सोडायचा तो पडावातून. बोट बंदराबाहेर उभी, पडाव तिच्या पोटाशी जाऊन लागायचा आणि ट्रंक वर ओढली जायची. बंदरावर आलेल्या माणसांना तिथपर्यंतच दिसायचं. मुंबईला दुसरी बोट असायची, आणि ती कुठे जाणार हे शिपायाला सांगितलेलं नसायचं. ऑक्टोबर १९१४ मध्ये १६ वी ब्रिगेड मुंबईहून निघाली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला माणसं फाव इथे उतरली, इराणच्या आखाताच्या टोकाला. पुढे बसरा, पुढे बगदादचा रस्ता. घरच्यांच्या हिशेबी माणूस मुंबईला गेला होता. कोकणची बोट आता बंद आहे. हर्णैला मासे उतरतात, माणसं नाहीत.

शीट रोल

भरतीच्या वेळी भरलेला कागद. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, उंची, छाती, अंगावरची खूण. लिहिता येत नसेल तर सहीच्या जागी अंगठा. सरकारी कागदांत माणूस इतका पुरता फक्त इथेच सापडतो: गालावरच्या तिळासकट. पुढच्या सगळ्या कागदांवर तो आधी नंबर असतो आणि मग नाव. काही कागदांवर नुसता नंबर.

आय.ई.एफ.ची तिकिटं

पंचम जॉर्जचं डोकं असलेली हिंदुस्थानचीच तिकिटं, त्यांवर इंग्रजीत तीन अक्षरं छापलेली: आय.ई.एफ. मोहिमेवरच्या फौजेची तिकिटं. फौजांनाही अक्षरं होती. ‘ए’ म्हणजे फ्रान्स, ‘डी’ म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. घरी मुलखाचं नाव यायचं नाही, अक्षर यायचं.

स्वतंत्र भारतानेही ही पद्धत चालवली. १९५३ मध्ये कोरियात गेलेल्या तुकडीच्या तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापलं होतं. नंतर काँगो, नंतर गाझा. ही तिकिटं आज संग्राहकांच्या वह्यांत आहेत आणि त्यांना किंमत येते. ज्या पत्रांवर ती चिकटली होती, ती बहुतेक चुलीत गेली.

पत्र लिहिणारा, पत्र वाचणारा

शिपायाला लिहिता यायचं नाही, म्हणून पलटणीतला कुणी शिकलेला लिहून द्यायचा. घरी वाचता यायचं नाही, म्हणून शाळामास्तर, जोशी नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचा. मध्ये पलटणीतला साहेब आणि सेन्सॉर. नवऱ्याचं बोलणं बायकोपर्यंत पोचायचं ते चार परक्या माणसांच्या तोंडून, आणि बहुधा ओसरीवर, सासऱ्यासमोर.

त्यात ती कुठेच नसायची. तीर्थरूपांना साष्टांग दंडवत, मातोश्रींना दंडवत, थोरल्या बंधूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, बैल कसे आहेत, पाऊस कसा आहे. बायकोचं नाव पत्रात घालायची रीत नव्हती. फार झालं तर ‘मुलांची आई’ किंवा ‘घरची मंडळी’. बैलाचं नाव यायचं. आतल्या दाराआड उभं राहून ऐकणारीने तेवढ्यातून आपल्यापुरतं काय ते काढून घ्यायचं.

तिचं उत्तरही याच वाटेने उलटं जायचं. वर्षानुवर्षं दूर राहिलेल्या जोडप्यांना एकमेकांशी एकही वाक्य एकांतात बोलता आलं नाही. या यादीत मला सर्वांत जड वाटणारी गोष्ट हीच, आणि तिची वस्तू म्हणून काहीच उरलेलं नाही.

मूळ मराठी

फ्रान्समधल्या हिंदी फौजेची पत्रं बुलोन इथे एक सेन्सॉर कचेरी वाचत असे. वेगवेगळ्या भाषांतली पत्रं उघडून त्यांतले उतारे इंग्रजीत करायचे आणि साहेब लोकांना फौजेचा कल कळवायचा, हे तिचं काम. शिपाई हे ओळखून होते. ‘काळी मिरी’ म्हणजे हिंदी सैनिक आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे, अशा खुणांनी ते लिहीत. मिरी संपत आली, आता मिरची वापरतात, असं घरी कळवलं की ज्याला समजायचं त्याला समजत असे.

ते इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट ठेवलेले आहेत, त्यांचं पुस्तकही झालं आहे. मूळ पत्रं जवळजवळ सगळी गेली. एखाद्या मराठी शिपायाने खंदकात सांगितलेलं वाक्य आज वाचायचं तर इंग्रजीत वाचावं लागतं.

मनिऑर्डर

१९१४ मध्ये शिपायाचा पगार महिना ११ रुपये. त्यातला वाटा घरी यायचा. पोस्टमन दारात बसायचा, बाईचा अंगठा घ्यायचा, कुपनावर दोन ओळी असल्या तर वाचून दाखवायचा. पैसे आले म्हणजे माणूस आहे. रकमेपेक्षा ही खबर मोठी होती. पैसे चुकले तर घरात कुणी बोलायचं नाही, पण पोस्टमनची वाट बदलली का, हे पाहायला पोरगं वेशीपर्यंत जायचं.

पगार आता बँकेत जमा होतो आणि मोबाइल टिणकतो. पैसे दर महिन्याला येतात. त्यावरून माणसाबद्दल काही कळत नाही.

बांध

शिपाई परमुलखात आणि शेत भाऊबंदांच्या शेजारी. एका नांगरटीला एक तास इकडे, पुढच्या नांगरटीला आणखी एक. तीन वर्षांनी माणूस परतायचा तोवर बांध आपल्या जागेवर नसायचा. सावकाराचं व्याज असायचं, कोर्टाचं समन्स असायचं, आणि तारखेला हजर राहायला घरात पुरुष नसायचा.

हा त्रास इतका सार्वत्रिक होता की सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. १९२५ चा ‘इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट’: मोहिमेवरच्या सैनिकाविरुद्धचा दावा त्याच्या गैरहजेरीत निकालात काढता येऊ नये, म्हणून. कायदा कोर्टातल्या दाव्यापुरता चालला. बांध कोर्टात न जाताच सरकायचा.

रजा

रजेवर आलेल्या फौजीची कामं ठरलेली असत: घर शाकारणं, बांध मोजून घेणं, बहिणीचं लग्न, सावकाराची गाठ, देवीचा नवस. या यादीत बायको-मुलं शेवटी यायची, तोवर रजा संपायची.

परमुलखातून घरी यायला रजा क्वचितच मिळायची. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिका, इराक, इटली करत काही माणसं सलग तीन-तीन, चार-चार वर्षं घरी आली नाहीत. गोरा शिपाईही अडकलेलाच होता, पण त्याच्या घरचं पत्र त्याला स्वतःला वाचता येत होतं.

पडद्यासमोरचा बाप

शहरातल्या स्टुडिओत काढलेला फोटो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कुंडी. पुढे गणवेशातला ताठ माणूस, एक हात खुर्चीच्या पाठीवर. हा फोटो देवघराशेजारी लागायचा. बाप निघाला तेव्हा पोटात असलेल्या मुलाला बाप म्हणून एवढाच माहीत. पुढे दारात उभा राहिलेला वाळलेला, काळवंडलेला माणूस आणि भिंतीवरचा माणूस यांचा मेळ बसायला वेळ लागायचा. मूल आईच्या पदराआड जायचं आणि माणूस पाहुण्यासारखा ओसरीवर बसायचा. फोटो अजून काही घरांत आहेत. वाळवी त्यांच्या कडेपासून आत येते.

कुतचं घोड्याचं मांस

७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तैग्रिसच्या वळणावरचं कुत-अल-अमारा, आत जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन, बाहेर तुर्कांचा वेढा. डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची परवानगी मागवली गेली, ती आलीही. तरी बहुतेक जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाहीच म्हणाले. पीठ रोज कमी मिळत गेलं, हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं.

इतिहासकार याला हट्ट म्हणतात, कुणी अंधश्रद्धा म्हणतात. पण त्या शिपायाला भीती तुर्काची नव्हती. गावी परतल्यावर पंगतीत कुठे बसवतील, याची होती. उपाशी राहणाऱ्याच्या डोक्यात परतीची वाट पक्की होती, म्हणूनच तो उपाशी राहत होता.

सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. शिपायांना वाळवंटातून उत्तरेला चालवत नेलं, आणि रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्यांतले कितीतरी रस्त्यातच पडले.

कुंकू

मेला म्हणून कळवलं तर सुतक होतं, दहावं होतं, रडायची मुभा होती. ‘बेपत्ता’ म्हणून कळवलं तर काहीच नव्हतं. कुंकू लावायचं की पुसायचं? लावलं तर शेजारणी बघायच्या, पुसलं तर सासू म्हणायची, माझ्या पोराला तूच मारलंस. कायद्याप्रमाणे सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असं धरता येतं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे कलम होतं. सात वर्षं कपाळाचं काय करायचं, याला कलम नव्हतं.

मग नवस. काळूबाई, ज्योतिबा, तुळजापूरची आई. एकादशी, सोमवार, एकभुक्त. धरलेला उपास माणूस आल्यावर सोडायचा असायचा. काहींनी तो सोडलाच नाही.

रेडक्रॉसचं कार्ड

२१ जून १९४२, लिबियातलं तोब्रुक. शरण गेलेल्या फौजेत मराठ्यांची दुसरी पलटण होती, जिला फौजेत ‘काळी पाचवी’ म्हणतात. माणसं इटलीच्या छावण्यांत गेली. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने हात टेकले, तेव्हा अनेकांना जर्मनांनी उचलून आणखी उत्तरेला नेलं.

युद्धकैद्याचं छापील कार्ड घरी यायचं. ठरावीक मजकूर, मोकळ्या ओळी मोजक्या. तब्येत बरी आहे, काळजी नसावी. जिथून कार्ड निघालं तिथे, ते घरी पोचेपर्यंत, तो माणूस असेलच असं नव्हतं.

तार

खेड्यात तार म्हणजे एकच बातमी. नोकरीची असो की पाहुण्याच्या गाडीची, शिपायाच्या घरात तारवाला पाहिला की बायका आधी रडायला लागायच्या आणि मग तार वाचली जायची. १५ जुलै २०१३ रोजी देशातली तारसेवा बंद झाली. शिपायाची बातमी आता फोनवर येते. पुष्कळदा त्याआधी टीव्हीवर येते, आणि गावभर कळल्यावर घरात कळते.

पुन्हा

लढाईवरून आलेला माणूस आला, असं धरून चालता येत नसे. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध संपलं. मेसोपोटेमियातली फौज हलली नाही. १९२० मध्ये तिथे बंड झालं आणि हिंदुस्थानातून आणखी पलटणी गेल्या.

एक पलटण घेऊ. कुतमध्ये शरण गेलेली १०३ वी पुन्हा उभी केली गेली. १९२२ मध्ये ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण झाली, ‘जंगी पलटण’. दुसऱ्या युद्धात ती इटलीत होती. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठावर तिच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना सुरुंगांतून उचलून आणलं, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. महिन्याभरात युरोपातलं युद्ध थांबलं. १९४६ मध्ये पलटण जपानला, ताबा फौजेत.

तिसरी पलटण १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली, १९४४ मध्ये इटलीत. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या हाताखालची माणसं पडली, तेव्हा ते एकटे मशीनगनवर चालून गेले. ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस घ्यायला त्यांची बायको दिल्लीला गेली. इटलीत मोंटोने इथे २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक झालं.

आणि सहावी पलटण. जपान शरण आला, जगभर दिवाळी झाली, त्यानंतर ऑक्टोबर १९४५ मध्ये ती जावा बेटावर सुराबायात लढत होती. इंडोनेशियाच्या लोकांशी, ज्यांना आपल्यासारखंच स्वातंत्र्य हवं होतं. युद्ध संपल्यावर मेलेल्या या शिपायांच्या घरी कुणी काय सांगितलं असेल?

एकशे अकरावी

महारांची भरती इंग्रजांनी १८९० नंतर बंद केली होती. दापोली, मंडणगड, खेड इथे पेन्शनर महार सैनिकांची घरं होती. त्यांच्या मुलांना पलटणीचं दार बंद झालं. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये मोडली. गरज होती तोवर जात आड आली नाही. दुसरं युद्ध आलं, पुन्हा माणसं कमी पडली आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे. १११ वीचं नाव फक्त तिच्या इतिहासाच्या पहिल्या पानांवर येतं.

चांदीचं मेडल

पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं. अनेक बिनलढाऊ माणसांना, मुख्यतः मजुरांना, तेच ब्रॉन्झमध्ये दिलं गेलं. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असायचं. दुष्काळ आला, पोरीचं लग्न निघालं की मेडल सोनाराकडे जायचं. सोनार वजन करायचा. चांदीबरोबर कडेवरचं नावही आटलं. ब्रॉन्झला सोनाराकडे भाव नव्हता, म्हणून मजुरांची मेडलं जास्त टिकली असावीत.

लाकडी पाय

पहिल्या युद्धात मुंबईत जखमींची इतकी गर्दी झाली की नव्याने बांधलेली म्युझियमची इमारतही लष्करी इस्पितळाला द्यावी लागली. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ते हेच. अपंग सैनिकांना हातधंदा शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीच्या नावाची शाळा निघाली, ती पुढे खडकीला गेली आणि अजून चालू आहे. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र झालं. हलक्या पायांनी जुने जड लाकडी पाय मोडीत काढले, हे चांगलंच झालं. यादीतली ही एकच वस्तू गेली याचं दुःख नाही.

नवऱ्याचं नाव

पेन्शनच्या चौकशीला विधवा कचेरीत जायची. कारकून विचारायचा, नवऱ्याचं नाव? ती गप्प. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही जन्माची सवय, तो गेल्यावरही. मग बरोबरचं पोर सांगायचं, नाहीतर पाटील सांगायचा. कारकून वैतागायचा. नाव तिने नुसतं मनात धरलेलं होतं, आणि सरकारला ते कागदावर हवं होतं.

आता बायका नाव सहज घेतात. हयातीचा दाखला बोटाच्या ठशावर होतो. दुसऱ्या युद्धातून सुटलेल्या अनेकांना पेन्शन बसलीच नव्हती. त्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देतं. घेणारे दर वर्षी कमी होतात.

भाकरतुकडा

लढाईवरून आलेल्याला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकायचं, पायावर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. पाठीमागून काय आलं असेल ते बाहेरच राहावं म्हणून. घरांनी हे कधी चुकवलं नाही.

सरकारांनी चुकवलं. जुलै १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली, मार्च १९९० मध्ये परतली. सुमारे १,२०० जवान तिथे पडले. परतलेल्यांच्या स्वागताला मद्रास बंदरात राज्याचे मुख्यमंत्री गेले नाहीत. पडलेल्यांचं स्मारक आधी श्रीलंकेत झालं, ज्या देशात ते परके होते. परत आलेल्यांनी या लढाईबद्दल घरात फार बोलायचं टाळलं, कारण ती कशासाठी होती हे त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

वाट पाहणं

लेबनॉन, काँगो, दक्षिण सुदान. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली आजही मराठी जवान परमुलखात जातात. पगार बरा, मुदत ठरलेली, आणि रोज व्हिडिओ कॉल. पत्राची, पोस्टमनची, दाराआड उभं राहून ऐकण्याची गरज संपली. पोराला बाप ओळखता येतो.

पण बाप पडद्यावर असताना मागे गोळीचा आवाज झाला आणि फोन कट झाला, तर पुढचे दोन तास कसे जातात हे त्या घरांना विचारावं. पूर्वी काळजी महिन्यातून एकदा पोस्टमनबरोबर यायची. आता ती खिशात असते.

आकड्यांची भिंत

बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४० हजारांवर माणसांचं ते स्मारक. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा दिला: अमुक पलटण, इतके. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं.

एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने या भेदभावाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि माफी मागितली. तोवर ज्यांना माफी ऐकायची होती, त्यांतलं कुणी उरलं नव्हतं.

गावची पाटी

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. एवढंच. नावं नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात पडले. गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ हे नाव मिळालं, स्तंभ मिळाला, आणि तिथले लोक आजही फौजेत जातात. सगळी गावं अपशिंग्यासारखी नशीबवान नाहीत. चावडी पाडून ग्रामपंचायतीची नवी इमारत होते, शाळेला रंग लागतो, पाटी भिंतीच्या आत जाते नाहीतर मुरुमात.

सरकारकडे आकडा होता, घराकडे नाव होतं. घरातलं पत्र गेलं, मेडल आटलं, नाव मनात धरणारी बाई गेली. भिंतीवरचा आकडा तेवढा राहिला, आणि आता तोही चालला आहे.

याला उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाची यादी इंटरनेटवर खुली आहे. तिच्यात पुष्कळ हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. गावांची स्पेलिंगं इंग्रजी कारकुनाच्या कानाची आहेत, ती मराठी माणसालाच ओळखू येतील. आपल्या गावात पाटी असेल तर तिचा फोटो काढा. यादीत गावाचं नाव शोधा. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला त्या आडनावाच्या घरात कोण लढाईवर गेलं होतं ते विचारा. आणि पुढच्या ग्रामसभेत एवढाच ठराव मांडा: पाटी हलवायची नाही, आणि तिच्या खाली दुसरी पाटी लावून त्यावर नावं घालायची.